तुम्ही विचारलंत म्हणून: सिंह तेच, मग खासगी रिझर्व्हला एवढे पैसे का?

जोहान्सबर्गला येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. घरात एक जादा खोली आहे आणि मे-डिसेंबरात ती सहसा रिकामी नसते. पुणे, नाशिक, डोंबिवली, एकदा तर यजमानांच्या मित्राचे व्याही. पाहुणे कुणीही असोत, पहिल्या चहालाच चौकशी होते: "काय गं, ते क्रूगर सरकारीच आहे ना? मग लोक त्या खासगी रिझर्व्हमध्ये रात्रीचे लाख-लाख रुपये कशाला घालतात? सिंह तर तेच!" गेल्या महिन्यात हाच प्रश्न फोनवर तिसऱ्यांदा आला, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकावं.

सिंह तेच, हे अगदी खरं आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यान जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटरचं. त्याच्या पश्चिम कडेला साबी सँड, तिंबावती, क्लासेरी, बलुले अशी खासगी रानं आहेत. आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखातं, त्यामुळे 'जंगलाचा मालक' ही कल्पनाच गळी उतरत नाही. इथे मात्र जमीनमालकांनी आपापल्या जमिनी एकत्र करून शेजारी शेजारी रिझर्व्ह केले. साबी सँडमधल्या काही कुटुंबांकडे त्या जमिनी 1920च्या दशकापासून आहेत. सरकारी आणि खासगी रानांमध्ये पूर्वी कुंपण होतं. साबी सँड आणि क्रूगरमधलं 1993 साली काढलं. तेव्हापासून हत्ती सकाळी सरकारी पाणवठ्यावर असेल तर संध्याकाळी खासगी. त्याच्याकडून कुणी प्रवेश फी घेत नाही.

म्हणजे जास्त प्राणी दिसावेत म्हणून जायचं असेल, तर तुमचा हिशेब चुकतोय. पैसे पडतात ते त्या प्राण्याजवळ थांबता येण्याचे आणि त्याला शोधणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे.

क्रूगरमध्ये आपली गाडी आपण चालवायची, डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्यावर 40 च्या आत. रस्ता सोडायचा नाही, ठरलेल्या जागांखेरीज खाली उतरायचं नाही, आणि सूर्यास्ताच्या सुमारास कॅम्पच्या गेटात परत. मला स्वतःला हे फार आवडतं. स्कुकुझा ते लोअर साबी या दोन कॅम्पांमधला नदीकाठचा रस्ता मी किती वेळा केला असेल, मोजलेलं नाही. पण बिबट्या रस्त्यापासून पन्नास पावलांवर गवतात बसला, तर तुम्हाला दिसणार शेपटीचं टोक, आणि मागे वीस गाड्या, त्यातल्या निम्म्यांचं इंजिन चालू.

खासगी रानात गाडी उघडी असते आणि ती रस्ता सोडून झुडपात शिरते. सगळ्यांसाठी नाही, सिंह, बिबट्या अशांसाठीच, आणि जमीन ओली असेल तर तेही नाही. एका प्राण्याजवळ दोन, फार तर तीन गाड्या. बाकीचे गाइड वायरलेसवर नंबर लावून लांब थांबतात. त्या वायरलेसवर कान ठेवा. पाहुण्यांना आधीच कळून त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून हे लोक इथल्या भाषांतले शब्द वापरतात. 'इंग्वे' ऐकू आलं की कॅमेरा वर घ्या, बिबट्या आहे.

आता ट्रॅकर, म्हणजे प्राण्यांचा माग काढणारा. गाडीच्या बॉनेटवर डाव्या कोपऱ्यात एक खुर्ची बसवलेली असते, तिच्यावर बसलेला माणूस. गाइड बोलतो, चालवतो, बंदूक सांभाळतो, म्हणून पाहुणे त्याच्याच प्रेमात पडतात. माझं मत विचाराल तर खरा माणूस पुढच्या खुर्चीवरचा. बहुतेक जण शांगान समाजातले, याच भागातले.

माझ्या नाशिकच्या काकांना तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये साबी सँडला घेऊन गेलो होतो. काकांनी वहीत पाच नावं लिहून ठेवलेली: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा. समोर टिकमार्कसाठी चौकोन. (हे 'बिग फाइव्ह' मुळात शिकाऱ्यांचं प्रकरण. पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे ते पाच. बघायला सगळ्यात सुंदर ते पाच, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.) पहाटे सहाला निघालो. वीसेक मिनिटांनी ट्रॅकरने नुसता हात वर केला. गाडी थांबली. तो उतरला, वाळूत वाकून बघितलं आणि गाइडला दोन शब्द बोलला. आम्हालाही खाली बोलावलं. बिबट्याच्या मादीचा ठसा होता. रात्रीचा की पहाटेचा? त्याने बोट दाखवलं: ठसा टायरच्या खुणेवर उमटला होता. म्हणजे काल रात्री शेवटची गाडी गेली त्यानंतरचा. शेजारच्या दुसऱ्या ठशावरून किड्याची बारीक रांगोळी गेली होती, तो जुना. या ठशावर रांगोळी नव्हती.

मग तो वायरलेस घेऊन पायी झुडपात शिरला आणि आम्ही गाडीने पलीकडच्या बाजूला गेलो. दीड तास. मधे खारीने कलकलाट केला तेव्हा सगळे ताठ बसले. पण तो साप असावा. मादी काही मिळाली नाही. काका काही बोलले नाहीत, पण वही बंद करून खिशात घातली. परतताना म्हणाले, "एवढ्या पैशात ताडोब्याच्या दहा सफाऱ्या झाल्या असत्या."

संध्याकाळी त्याच ट्रॅकरने सकाळी माग सोडला तिथूनच सुरुवात केली. पाऊण तासात मरुलाच्या झाडावर इंपाला (इथलं हरीण) लटकलेला दिसला आणि खाली ती. गाइडने दुर्बिणीतून मिशांच्या वरचे ठिपके मोजले. दोन्ही गालांवरच्या ठिपक्यांचा आकडा मिळून एक जोडी होते आणि तिच्यावरून इथला बिबट्या ओळखतात. मग तिची आई कोण, आजी कुठल्या ओढ्याला राहायची, इथपर्यंत कुळकथा सांगतात. इथे 1970च्या दशकापासून बिबट्यांना गाड्यांची सवय होत आली आहे. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पंजा चाटायला लागली. आम्ही पन्नास मिनिटं बसलो. इंजिन बंद. शेवटी गवतातून एक बछडं आलं. काकांनी वही काढलीच नाही.

ही गोष्ट सांगायचं कारण रात्रींचा हिशेब. लॉजवर तुम्ही दुपारी दोनच्या सुमाराला पोचता, मग संध्याकाळची फेरी, दुसऱ्या दिवशी पहाटेची फेरी, नाश्ता आणि अकराला खोली सोडायची. एक रात्र म्हणजे फक्त दोन फेऱ्या. सकाळी हुकलेली मादी संध्याकाळी भेटायची तर निदान दोन रात्री हव्यात. माझं ऐकाल तर तीन, आणि तिन्ही एकाच लॉजवर. 'एक रात्र इथे, एक तिथे' अशी सहल आखली की अर्धा वेळ बॅगा भरण्यात जातो. शिवाय ट्रॅकरला तुम्ही आणि तुम्हाला तो कळायला एक दिवस लागतोच. आणि क्रूगर स्वतः फिरणार असाल तर ते आधी करा, खासगी नंतर. उलट केलंत की क्रूगर उगाच रिकामं वाटतं. बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

महिना कुठला? मे ते सप्टेंबर. इथला हिवाळा कोरडा असतो. पानं झडतात, गवत बसतं, जनावरं पाण्यावर येतात. आपल्याकडे हेच एप्रिल-मेच्या रखरखाटात होतं, इथे थंडीत. त्यामुळे 'आफ्रिका म्हणजे ऊन' असं समजून सुती शर्ट घेऊन येणारे पाहुणे पहिल्याच पहाटे उघड्या गाडीत थडथडतात. लॉजवाले ब्लँकेट देतात, मांडीवर गरम पाण्याची पिशवी देतात, तरी माकडटोपी आणा. लाजू नका, तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं. डिसेंबरात पाऊस, उकाडा आणि डोक्याएवढं गवत. पण रान हिरवंगार, इंपालाची पिल्लं पावलोपावली. पक्ष्यांचं वेड असेल तर तेव्हाच या.

आता माझी चूक सांगते. मावसबहीण पाच वर्षांच्या लेकाला घेऊन आली, तेव्हा बुकिंग मी केलं होतं. मुलांना राहायला परवानगी आहे एवढं वाचलं आणि पैसे भरले. तिथे गेल्यावर कळलं की राहायला चालतं, पण सहा वर्षांखालच्या मुलाला गाडीत नेत नाहीत. सिंहासमोर उघड्या गाडीत पाच वर्षांचं पोर ओरडलं किंवा उभं राहिलं तर काय, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी आणि ती पाळीपाळीने लॉजवर बसलो, आणि तिचा नवरा मात्र सहाच्या सहा फेऱ्या करून आला. तिने अजून माफ केलेलं नाही. त्याला की मला, ते विचारायचं धाडस झालं नाही. तर वयाची अट लेखी विचारा. काही लॉजवर ती बारा आहे, काही ठिकाणी सोळा.

लहान मुलं असतील तर मी आता माडिक्वे हे दुसरीकडचं रान सुचवते. क्रूगरच्या सगळ्या पट्ट्यात मलेरिया आहे, मुख्यतः सप्टेंबर ते मे. गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. माडिक्वेत मलेरिया नाही. जोहान्सबर्गपासून चारेक तास, बोत्स्वानाच्या सीमेवर. काटेकोर बोलायचं तर तिथली जमीन सरकारी आणि लॉज तेवढे खासगी, पण पद्धत तीच: स्वतःची गाडी फिरवायची नाही, गाइडबरोबरच जायचं. 1991 पर्यंत ती थकलेली गुरांची कुरणं होती. मग कुंपण घालून आठ हजारांहून जास्त प्राणी आणून सोडले. रानकुत्रे बघायचे असतील तर माझा कौल तिकडेच.

पैशांचं स्पष्टच सांगते. साबी सँडमधल्या नावाजलेल्या लॉजचा दर माणशी, दर रात्री वीस हजार रँडच्या पुढे सहज जातो. रँडला साधारण पाच रुपये धरा, म्हणजे तुमचा तो 'लाख' आकडा खरा आहे. त्यात खोली, सगळं खाणंपिणं आणि दोन फेऱ्या येतात. रिझर्व्हच्या गेटवरची फी आणि टिप बहुधा वेगळी. टिप देताना ट्रॅकरचं पाकीट गाइडच्या पाकिटापासून वेगळं ठेवा. बलुले, क्लासेरीत याच्या निम्म्याहून कमी दरात चांगली लॉज मिळतात. तिथे बिबट्या साबी सँडइतका निवांत बसून राहत नाही, एवढाच फरक. स्वस्त लॉज निवडताना खोलीचे फोटो बघू नका, एका गाडीत किती माणसं बसवतात ते विचारा. सहा असली तर उत्तम. दहा असली तर मधल्या सीटवरून तुम्हाला दहाव्या माणसाची टोपी दिसेल.

दुसरी एक गोष्ट विचारा, पटली तर. क्रूगरलगतच्या काही खासगी रिझर्व्हमध्ये ठरावीक कोट्याने शिकारीला परवानगी असते आणि तो पैसा चोरट्या शिकारीविरुद्धच्या पहाऱ्याला लागतो, असं ते सांगतात. साबी सँडमध्ये तशी शिकार होत नाही. मला ते पैसे पटत नाहीत, आमच्या घरात यावर दोन मतं आहेत. तुमचं तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा. गेंडा दिसला तर त्याचं शिंग कापलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. ते चोरांनी नाही, वाचवण्यासाठी रिझर्व्हनेच कापलेलं असतं. त्याचा फोटो टाकताना जागा लिहू नका. गाइड सांगतीलच.

बाकी किरकोळ. छोट्या विमानाने जाणार असाल तर वीस किलोची मऊ बॅग. कडक सूटकेस घेत नाहीत. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, वेळ हाताशी ठेवा. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचं बघा. लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते, आणि परतताना भारतातही दाखला मागू शकतात. शाकाहारी जेवण व्यवस्थित मिळतं. कांदा-लसूण नको असेल तर आठवडाभर आधी कळवा. अंधार पडल्यावर जेवणघरापासून खोलीपर्यंत एकट्याने जायचं नाही, सोबत येते. बऱ्याच लॉजना कुंपण नसतं. काका एकदा "दहा पावलांवर तर आहे" म्हणून निघाले आणि वाटेत उभा असलेला रानरेडा बघून दहा पावलं उलटी आले.

आणि शेवटचा प्रश्न, जो सगळे दारात चपला घालताना विचारतात: "एकाच रात्रीपुरते पैसे असतील तर?" मग जाऊ नका. त्याच पैशांत क्रूगरच्या सातारा कॅम्पवर तीन-चार रात्री राहा. नाव आपल्यासारखं असलं तरी ते आपलं सातारा नव्हे. तिथून एस-100 हा कच्चा रस्ता ओढ्याकाठाने जातो, त्यावर सिंह बरेचदा असतात. हिवाळ्यात कॅम्पचं गेट सहाला उघडतं. पावणेसहाला रांगेत असा, थर्मास भरलेला ठेवा, आणि पहिले पाच किलोमीटर वीसच्या वेगाने जा.