खटाऱ्याच्या वाटेनं: चरी ते जासई

मांडव्याला रो-रोतून उतरलेल्या बहुतेक गाड्या किहीम-आवासच्या बंगल्यांकडे वळल्या. आम्ही चोंढी, कार्लेखिंड करत पोयनाड गाठलं. खटारा निशाणीचा शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, जिथे रुजला ते चरी मला बघायचं होतं. "अलिबागला येऊन समुद्र सोडून हे काय," असं बायकोनं दोनदा विचारून झालं होतं.

चरी म्हणजे खारेपाटातलं कुठलंही गाव असावं तसं. सपाट भातखाचरं, खाडीचं पाणी अडवणारे बांध, जागोजागी 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या. 27 ऑक्टोबर 1933 ला इथे खोतांविरुद्ध, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, संप पुकारला गेला. पुढारी होते नारायण नागू पाटील. पंचवीस गावांतल्या कुळांनी खोताची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि सुमारे सहा वर्षं ते पाळलं. सहा पावसाळे घरात भात नाही. लोकांनी रानातली लाकडं तोडून, मोळ्या विकून दिवस काढले. बांधावर उभं राहून मी त्याचाच विचार करत होतो. समोर कसदार खाचर, पाऊस पडलेला, आणि ते मुद्दाम पडीक ठेवायचं! शेतकऱ्याच्या जिवावर येणारी यापेक्षा मोठी गोष्ट नसेल. डॉ. आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. 1937 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयकही मांडलं.

या तयार जमिनीत पुढे शेकाप रुजला. पक्ष 1947 चा. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही काँग्रेसमधलीच बहुजन मंडळी. 'शेटजी-भटजींची काँग्रेस' नको म्हणून ती बाहेर पडली आणि 1950 मध्ये दाभाडीच्या प्रबंधात थेट मार्क्सवाद स्वीकारून बसली. मला हा प्रबंध जरा घाईचाच वाटत आला आहे. आपल्या कुणब्याला लाल बावटा चालत होता, पोथी नको होती. जेधे चारेक वर्षांतच काँग्रेसमध्ये परतले, मोरेही गेले. कूळकायदे काँग्रेस सरकारनंच केले, साखर कारखाने निघाले, यशवंतराव चव्हाणांनी एकेक मोहरा उचलला. देशावर पक्ष विरत गेला. खटारा चालत राहिला तो कुलाब्यात आणि सांगोल्यासारख्या काही तालुक्यांत.

कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तो एका घरात मुक्कामाला आला. नारायण नागूंचे चिरंजीव, मग जयंत पाटील वगैरे नातवंडं. 2019 ला अलिबागची आमदारकी गेली, 2024 ला जयंत पाटलांच्या सूनबाई चित्रलेखा पाटील तिथेच हरल्या आणि 2025 मध्ये जयंतरावांचे बंधू पंडित पाटील भाजपत गेले. घराणेशाहीनं पक्ष खाल्ला, हे माझं मत पेण येईपर्यंत पक्कं झालं होतं.

जासईला ते ढिलं पडलं. शेकापचे तेव्हाचे नेते दि. बा. पाटलांचं हे गाव. नवी मुंबईसाठी सिडको या सरकारी महामंडळानं जमिनी घेतल्या, मोबदल्यासाठी दिबांनी आंदोलन उभं केलं आणि 16 व 17 जानेवारी 1984 ला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाला तो या रक्तातून. आता बाजूलाच अटल सेतू उतरतो. जेएनपीटी बंदराचे कंटेनर इतके, की रस्ता ओलांडायला आम्ही दहा मिनिटं उभे होतो.

टपरीवर चहा घेताना एका काकांना माझं घराणेशाहीचं मत ऐकवलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"घराणं कुठल्या पक्षात नाय? साडेबारा टक्के आला, पोरांनी टॉवर बांधले, गाड्या लावल्या कंपनीला. ठेकेदारी पायजे तर सत्तेतला आमदार लागतो. शेकापवाला काय देणार, मोर्चा?"

"म्हणजे लढा जिंकल्यामुळेच पक्ष हरला?"

"तुम्ही लिहिणारे. आमची शेतीच रायली नाय, एवढंच मला ठाऊक. सांगोल्याला आला की निवडून 2024 ला! तिथं शेती हाय अजून."

मी म्हटलं, काका, गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा निवडून आले, आणि आता आलेला आमदार त्यांचा नातूच.

"मग? नातवानं खटारा मोडून टाकायचा काय?" म्हणत त्यांनी आमच्याही चहाचे पैसे देऊन टाकले.