झाकण उघडायचा धंदा

बाबांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली एकच ओळ छापलेली असायची: ‘एकदा बांधा, पंचवीस वर्षं बघू नका.’ बडोद्यात वाघोडिया रोडकडे, मांजलपूरच्या पलीकडे नवे प्लॉट पडत होते, तेव्हा या ओळीवर धंदा यायचा. ड्रेनेजची लाइन तिकडे पोचलेली नव्हती. घर बांधायचं म्हणजे सेप्टिक टाकी आणि खाळकुवा आलाच. (खाळकुवा हा आम्हा बडोदेकरांचा शब्द, गुजरातीतून आलेला. पुण्याकडचे पाहुणे त्याला शोषखड्डा म्हणतात.) बाबा टाकी मोठी बांधायचे, हिशोबाने लागते तिच्या दुप्पट, कधी तिप्पट. पक्क्या विटा, आतून घोटलेला गिलावा, जाड स्लॅब, आणि झाकण फरशीखाली असं लपवलेलं की चार वर्षांनी घरमालकालाही ते सापडू नये. पाच माणसांच्या घरात ती टाकी खरोखरच वीस-पंचवीस वर्षं कुरकुर करत नसे. यात फसवणूक नव्हती. विसरता येते ती चांगली टाकी, असंच तेव्हा सगळे मानत.

मी सिव्हिल शिकले ते सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात, आणि लगेच बाबांच्या हाताखाली लागले. पहिली काही वर्षं मीही तेच केलं. नकाशा आला की घरातली माणसं मोजायची, टाकीचं माप काढायचं आणि त्यावर बाबांची वाढ चढवायची. ‘बेन, टाकी मोटी राखजो’ ही साइटवरची एकमेव सूचना, आणि ती आम्हाला पाठ होती.

२०१९ च्या जूनमध्ये डभोईजवळ फरतीकुई गावात एका हॉटेलची टाकी साफ करताना सात माणसं गेली. गाव आमच्यापासून तासाभरावर. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. टाकीत काय होतं हे आम्हाला चांगलं माहीत होतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या टाकीत तळाचा गाळ घट्ट बसतो, पंपाने निघत नाही, मग कुणीतरी म्हणतं, एक माणूस उतरवा. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण टाकी दगड झाल्यावर कायदा आठवणारे थोडे. ‘पंचवीस वर्षं बघू नका’ याचा शेवट असाही होऊ शकतो, हे त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. पुढच्या दोन महिन्यांत कर्ज काढून आम्ही जुना सक्शन टँकर घेतला. नियम एकच केला: आमचा माणूस टाकीत उतरणार नाही, काम गेलं तरी चालेल.

तोवर हा विषय माझ्या लेखी माणसाच्या जिवाचा होता. हवेचा प्रश्न पुढे आला तो भायलीच्या एका बंगल्यात. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर तिथे राहतात. टँकर लागला होता, सर खुर्ची टाकून बघत बसले होते. व्हेंट पाइपकडे बोट दाखवून म्हणाले, “या नळीतून वर्षाला किती मिथेन जातो गं?” मी म्हटलं, “वास जातो सर, मिथेनचं कुणी विचारत नाही.” ते म्हणाले, “मग आपण विचारू.” आणि बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हिशोब मांडला.

तो हिशोब इथे देते, कारण तेव्हापासून आमच्या धंद्याची दिशा त्यावर ठरते. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतासाठी माणशी रोज ३४ ग्रॅम सेंद्रिय भार धरला आहे. बीओडी म्हणतात तो, म्हणजे मैल्यात कुजण्याजोगं किती आहे याचं माप. वर्षाचे झाले सुमारे साडेबारा किलो. एक किलो बीओडी हवेशिवाय पूर्ण कुजला तर जास्तीत जास्त ०.६ किलो मिथेन निघतो, आणि सेप्टिक टाकीत अर्धा भार असा कुजतो असं धरायचं. म्हणजे माणशी वर्षाला जवळपास पावणेचार किलो. पाच माणसांच्या घराचे साडेअठरा किलो. मिथेन शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, तर एका घराच्या नळीतून वर्षाला सव्वापाचशे किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो निघतो. मी स्कूटरवर बडोदा-मुंबई बारा वेळा जाऊन आले तर जेवढा धूर होईल, तेवढं ते. सरांच्या घरी गाडी नाही. सर आणि काकू रिक्षाने फिरतात. ते कागदाकडे बराच वेळ बघत राहिले.

हे आकडे सरासरीचे आहेत, टाकीगणिक फरक पडतो, आणि तो कशाने पडतो हे आमच्या धंद्याने समजून घेतलंच पाहिजे. मिथेन करणारे जिवाणू सावकाश वाढतात. ताज्या गाळात ते थोडे असतात. गाळ वर्षानुवर्षं पडून राहिला, वर पाण्याचा थर, त्यावर तेलकट सायीचा थर, हवा कुठूनच नाही, आणि त्यात आपला बडोद्याचा उन्हाळा: याहून सोयीची जागा त्यांना कुठे मिळणार? म्हणजे दुप्पट-तिप्पट मोठी, कधीच न उपसलेली टाकी ही त्यांच्यासाठी आम्ही बांधून दिलेली धर्मशाळा. नेमाने गाळ काढला तर त्यातलं बरंचसं सेंद्रिय द्रव्य कुजायच्या आधीच बाहेर येतं.

बाबांना हे पटवायला वेळ लागला. अखेर मांजलपूरला त्यांनीच १९९६ मध्ये बांधलेली एक टाकी मालकांच्या परवानगीने उघडली. फरशी फोडावी लागली. आमच्याकडे गाळ मोजायची सोपी रीत आहे: लांब काठीच्या खालच्या टोकाला पांढरा पंचा गुंडाळायचा, तळापर्यंत सोडायचा, थोडं थांबून वर काढायचा. जिथवर पंचा काळा, तिथवर गाळ. साय आणि गाळ मिळून पाण्याच्या उंचीचा तिसरा हिस्सा व्यापला की टाकी उपसायची. त्या दिवशी पंचा जवळजवळ पूर्ण काळा निघाला. बाबांनी काठी हातात घेतली, पंचा सोडवला, पिळला आणि म्हणाले, “हिच्यात आता टाकी उरलेलीच नाही.” नवी कार्डं छापायला टाकली तेव्हा त्यांनीच ती जुनी ओळ खोडली.

त्याच सुमारास आमच्या साताऱ्याच्या मावशीकडे गेले असताना वाईला गेले होते. वाईत आणि सिन्नरमध्ये २०१८ पासून नगरपालिका गावाचे भाग पाडून तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी उपसते. तक्रार आली म्हणून टँकर जात नाही, घराची पाळी आली म्हणून जातो, आणि गाळ प्रक्रिया केंद्रात पोचतो. घरपट्टी जशी येते तशी टँकरची पाळी येते. मला वाटलं, हे आपण खासगी धंद्यात का करू नये? परत आल्यावर तीन वर्षांचा करार सुरू केला. उपशाचा खर्च तीन हप्त्यांत, वर्षातून एकदा काठी-पंचा घेऊन तपासणी, मधे काही तुंबलं तर फेरी फुकट. आज दोनशेवर घरं आमच्या वहीत आहेत. ती पृथ्वीसाठी आलेली नाहीत, हे मी मोकळेपणाने सांगते. पाहुणे असताना संडास तुंबू नये म्हणून ती आली. चालेल, मिथेन दोन्ही कारणांनी सारखाच कमी होतो.

टँकर डिझेल जाळतोच की, असं पुष्कळ जण विचारतात. आमच्या नोंदीत पंपासकट एका फेरीला आठ-नऊ लिटर डिझेल लागतं, म्हणजे चोवीस किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, तेही तीन वर्षांतून एकदा. टाकीच्या हिशोबापुढे ते काहीच नाही. खरा प्रश्न टँकर कुठे रिकामा होतो हा आहे. आम्ही धंद्यात उतरलो तेव्हा एका टँकरवाल्याने मला समजावलं होतं, “ताई, रात्री नाल्यावर दहा मिनिटांचं काम, तुम्ही उगीच लांब जाता.” विश्वामित्री नदी आधीच किती सोसते! आमचा गाळ महापालिकेच्या मलजल शुद्धीकरण केंद्रावर जातो, पावती वहीला चिकटते आणि तिची प्रत घरमालकाला मिळते. पावतीशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, असं आम्हीच लिहून देतो.

एक चूक इथे लिहिली पाहिजे. सेवासीकडे एका घराची प्लॅस्टिकची टाकी आम्ही ऐन श्रावणात उपसली. जमिनीतलं पाणी वर आलेलं होतं. टाकी रिकामी झाली, हलकी झाली, आणि दोन दिवसांत जमीन फोडून हातभर वर आली. जोडलेल्या नळ्या मोडल्या, अंगण मैल्याने भरलं. ती टाकी आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा बसवली आणि घरच्या आजींची माफी मागितली. तेव्हापासून पावसाळ्यात फक्त अडचणीचं काम, आणि तेही टाकी पूर्ण न उपसता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा फोन थांबत नव्हते, पण पाणी ओसरेपर्यंत थांबा, एवढंच मी सांगत होते.

दुसरे उपायही करून पाहिले. हवा सोडणारा ब्लोअर बसवला की मिथेन कमी होतो, विकणाराही तेच सांगतो. पण ६० वॅटचा ब्लोअर रात्रंदिवस चालला तर वर्षाला सव्वापाचशे युनिट वीज लागते. आपल्याकडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर झाले साडेतीनशे किलोंच्या वर. वाचवलेलं बरंचसं तिथेच गेलं. शिवाय हवा नीट बेतलेली नसेल तर नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पटींच्या आसपास तापवतो. एका घरासाठी मी ब्लोअर सुचवत नाही. ज्यांच्या छतावर सौर पॅनल आहेत त्यांच्याशी वेगळं बोलते.

व्हेंटच्या तोंडाशी कंपोस्टचा थर ठेवायची कल्पना मला फार आवडली होती, अजूनही आवडते. मिथेन खाणारे जिवाणू असतात, ओलसर मुरलेल्या खतात ते आपोआप वाढतात आणि जाणाऱ्या मिथेनचा कार्बन डायऑक्साइड करतात. आमच्याच घरी ड्रम लावला. मे महिन्यात खत वाळून भुगा झालं, जुलैत भिजून चिखल झालं, वायू अडला आणि न्हाणीघराच्या जाळीतून घरात आला. आईने एका दिवसात तो काढायला लावला. व्हेंट बंद करणं हा कधीच उपाय नाही, हे माहीत असूनही नकळत तेच झालं होतं. आता छपराखाली आडवा, रुंद ड्रम करतोय, खताखाली खडीचा थर आणि पाणी निघायला वेगळी वाट देऊन. तो दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे आमच्या घरी टिकल्याशिवाय गिऱ्हाइकाला दाखवणार नाही.

जिथे माणसं जास्त, तिथे वायू जाळणं सगळ्यांत सरळ. एका वसतिगृहात आम्ही बायोगॅससाठी दीनबंधू पद्धतीचा घुमट बांधला, संडास आणि भटारखान्याचा ओला कचरा दोन्ही त्यात जातं, वायूवर सकाळचा चहा आणि पोहे होतात. इथे एकाच गोष्टीचा आग्रह धरते: महिन्यातून एकदा प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. गळती राहिली तर न जळलेला मिथेनच हवेत जातो आणि सगळं काम फुकट.

२०२० मध्ये भायली, सेवासी, उंडेरा, करोडिया ही गावं महापालिकेत आली. ड्रेनेजची लाइन जिथे जिथे पोचते, तिथे लोक टाकी तशीच ठेवून तिचं बाहेरचं तोंड लाइनला जोडतात. कडिया, म्हणजे गवंडी, म्हणतो, ‘राहू द्या, काय बिघडतं?’ बिघडतं हेच की पैसे लाइनचे जातात आणि मिथेन टाकीचाच निघत राहतो. अशा घरी आम्ही टाकी पूर्ण उपसतो, तळाला भोकं पाडतो, वाळू-मुरूम भरतो आणि नळी थेट लाइनला नेतो. त्या दिवशी आमच्या वहीतलं ते घर कमी होतं. सरांच्या घराचं असंच झालं. काकूंनी निघताना हातात शंकरपाळ्यांचा डबा दिला.

गेल्या महिन्यात लाइनपासून लांब असलेल्या एका नव्या सोसायटीची बैठक होती. कमिटीचं म्हणणं जुनंच: टाकी मोठ्यात मोठी करा, पुन्हा बघायला नको. मी दोन पंचे नेले होते, एक दोन वर्षांच्या टाकीतला, एक मांजलपूरचा, दोन्ही धुऊन वाळवलेले. डाग धुऊनही जात नाहीत. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि हिशोब सांगितला. टाकी मापातच बांधायची ठरली, स्वयंपाकघराचं पाणी चरबी अडवणाऱ्या चेंबरमधून केळीच्या वाफ्यांना, आणि तीन वर्षांचा करार. झाकण अंगणाच्या मधोमध, उघडं दिसेल असं, वर शेवटच्या उपशाची तारीख रंगवायची जागा. बाबा काम बघायला आले होते. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाची कड फरशीपेक्षा दोन इंच वर घ्या. तशी घेतली आहे.