आमची वाटचाल: डिझेलच्या सूमोपासून दोन लाख किलोमीटरच्या इलेक्ट्रिक गाडीपर्यंत

आमचा व्यवसाय नाशिकचा. बाबांनी 1996 साली कर्ज काढून टाटा सूमो घेतली आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत येणाऱ्या पाहुण्यांची ने-आण सुरू केली. पुढे इंडिका आली, टॅक्सी पासिंगच्या सेडान आल्या, त्र्यंबकेश्वर-शिर्डी दर्शनाच्या सहली वाढल्या, मुंबई विमानतळाच्या ड्रॉप-पिकअपने जोर धरला. मी धंद्यात आले तेव्हा खर्चाच्या वहीत डिझेल हा सर्वांत मोठा आकडा होता, ड्रायव्हरांच्या पगारापेक्षाही मोठा. आज यार्डातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांच्या नंबर प्लेट हिरव्या, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी दोन लाख किलोमीटर ओलांडून अजूनही रोज ड्यूटीवर जाते. मला सर्वांत जास्त प्रश्न विचारले जातात ते याच गाडीबद्दल, म्हणून इथेही तिच्याबद्दलच जास्त लिहिते.

जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. 30.2 युनिटांची (किलोवॅट-अवर) बॅटरी, कागदावर एका चार्जमध्ये 312 किलोमीटर. तेव्हा आमच्या ओळखीतला एकही ट्रॅव्हल्सवाला इलेक्ट्रिकचं नाव घ्यायला तयार नव्हता. मी मात्र कागदावरच्या रेंजपेक्षा आमच्या ट्रिप शीट बघत बसले होते. अंबडच्या एका कंपनीचं कंत्राट होतं. अधिकाऱ्यांना सकाळी घरून आणायचं, दुपारी गावात फिरवायचं, संध्याकाळी सोडायचं. गाडी दिवसाला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर चालायची, रस्ता ठरलेला आणि रात्री गाडी यार्डात. 2021 च्या शेवटी आम्ही साधारण 26 युनिटांच्या बॅटरीची सेडान घेतली, ती याच कामासाठी. तीच ही दोन लाख किलोमीटरची गाडी.

परवडण्याचं गणित धंद्याच्या अंगाने सांगते, कारण घरगुती वापराचं वेगळं असतं. गाडी डिझेलच्या भावंडापेक्षा तीन-चार लाखांनी महाग पडते. जीएसटी 2019 पासून पाच टक्के आहे आणि बॅटरीवरच्या टॅक्सीला 2018 पासून परमिटची सक्ती नाही, तरीही हा फरक उरतोच. डिझेलला किलोमीटरमागे पाच रुपये जायचे. यार्डातल्या विजेवर, चार्जिंगमधली घट धरूनसुद्धा, सव्वा रुपयाच्या आसपास जातात. म्हणजे एक लाख किलोमीटर झाले की वरचे पैसे वसूल. वर्षाला पंधरा हजार चालवणाऱ्याला त्यासाठी सहा-सात वर्षं लागतील, आमच्या गाडीने ते दोन वर्षांत केलं. जास्त चालणाऱ्या माणसाने इलेक्ट्रिक गाडीला बिचकू नये असं मी ठामपणे म्हणते, ते या हिशोबावर. ही गाडी चालली तरच पैसे देते.

बाबांचा प्रश्न एकच होता, "आणि बॅटरी गेली तर?" तो अगदी रास्त होता. आम्ही गाडी घेतली तेव्हा खाजगी गाड्यांना बहुतेक कंपन्या बॅटरीची आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतलं जे आधी संपेल तेवढी हमी देत. आमच्यासारख्यांची किलोमीटरची मर्यादा वर्षांच्या कितीतरी आधी संपते. टॅक्सी पासिंगच्या गाडीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्यामुळे तो कागद सही करण्याआधी शब्द न शब्द वाचावा.

हमीवर विसंबून राहायचं नाही म्हटल्यावर बॅटरी जपणं हेच आमचं काम झालं, आणि ते यार्डापासून सुरू झालं. आमची जागा खडकाळ. गाडी पहिल्यांदा प्लगला लावली तर चार्जच घेईना. वायरमनने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं, ते हवं त्यापेक्षा बरंच जास्त होतं. गाडीचा चार्जर अशा वेळी सुरक्षेसाठी वीज घेणंच थांबवतो. नवा खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून, जाड तांब्याची पट्टी टाकल्यावर काम झालं. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी अर्थिंग तपासा, मग गाडीचा रंग ठरवा. पुढे महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं, 7.2 किलोवॅटचे चार्जर बसवले आणि प्रत्येक चार्जरला सबमीटर लावला. त्या सबमीटरची वही हीच माझ्या मते आमची खरी कमाई.

आमच्या गाडीची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची. दणकट, उष्णतेला त्यातल्या त्यात जास्त टिकणारी. पण तिचा एक स्वभाव आहे. ती ऐंशी टक्के भरलेली असो की तीस टक्के, व्होल्टेज जवळजवळ सारखंच राहतं. त्यामुळे आत किती उरलंय हे गाडीला व्होल्टेजवरून नीट कळत नाही. ती आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेचा हिशोब ठेवत जाते, आणि तो हिशोब हळूहळू सरकतो. हे आम्हाला कळलं ते घोटीच्या पुढे. त्या आठवड्यात गाडी सतत अर्धवट चार्जवर पळत होती. आमच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरकाकांचा फोन आला, "ताई, मघाशी बावीस टक्के होते, आता एकदम नऊ दाखवतेय. नाशिक काही गाठणार नाही." पाहुण्यांसाठी दुसरी गाडी पाठवली, काकांनी एका ढाब्यावर पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडी लावली आणि चार तास बसून राहिले.

त्यानंतरचा नियम आजतागायत मोडलेला नाही. रविवारी रात्री गाडी यार्डात हळू चार्जिंगवर पूर्ण शंभर टक्के भरायची आणि शंभर झाल्यावरही लगेच चार्जिंगची गन काढायची नाही. त्या शेवटच्या तासात सगळे सेल एका पातळीवर येतात आणि गाडीचा हिशोब पुन्हा शून्यापासून लागतो. एरवी रोज गरजेपुरतंच. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी परतलेली गाडी लगेच प्लगला लावायची नाही. अर्धा-पाऊण तास कडुनिंबाखाली उभी राहू द्यायची, मग चार्जिंग. बॅटरीचं नुकसान गाडी पळाल्याने होतं त्यापेक्षा गरम असताना चार्ज करण्याने आणि फुल चार्ज करून उन्हात उभी ठेवण्याने जास्त होतं, असं माझं या वर्षांमधलं मत आहे.

आता आकडा. गाडी नवी असताना जवळपास रिकाम्यापासून पूर्ण भरायला सबमीटरवर अठ्ठावीस युनिटांच्या आसपास लागायचे. आता पंचविसाच्या आसपास लागतात. म्हणजे दहा-अकरा टक्के घट. दोन लाख किलोमीटर म्हणजे ढोबळमानाने अकराशे वेळा पूर्ण रिकामी होऊन भरलेली बॅटरी. मला हा निकाल उत्तम वाटतो. जी गाडी एका चार्जमध्ये दोनशेच्या वर जायची ती आज एकशे ऐंशी जाते, आणि रोजच्या कामाला तेवढं पुरतं.

मुंबईच्या कामासाठी नंतर चाळीस युनिटांची एसयूव्ही घेतली. तिथे घाटाने आम्हाला बरंच शिकवलं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच. चार माणसं आणि सामान धरून पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर आणायला केवळ उंचीसाठीच पावणेतीन युनिटांच्या घरात खर्च होतात. म्हणून जाताना बॅटरी हसतखेळत पुरते आणि येताना तेवढ्याच अंतराला टक्के भराभर उतरतात. कसारा घाट उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते, पण बॅटरीत जागा असेल तरच. घाटमाथ्यावर, इगतपुरीत, शंभर टक्के चार्ज करून घाटात उतरणं मला मान्य नाही. मोटर गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि अनोळखी ड्रायव्हर दचकतो. नाशिकहून पूर्ण भरून निघालं तर इगतपुरीपर्यंत आपोआप जागा होते, हे आमचं सोपं उत्तर.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि घाट टाळता येऊ लागला. वेळ वाचतो, पण 120 च्या वेगाने बॅटरी भराभर संपते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. नव्वदच्या वेगाला शंभर किलोमीटरमागे पंधरा-सोळा युनिट लागत असतील तर एकशेवीसला वीसच्या पुढे जातात. आमच्या गाड्यांना 95 ची मर्यादा आहे आणि बुकिंग घेतानाच ती पाहुण्यांना सांगतो. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी जाहीर झाली. आमच्यासारख्यांना हा फार मोठा आधार आहे.

देखभालीत इंजिन ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट हे शब्द वहीतून गेले. ब्रेक पॅड पहिल्यांदा बदलले ते लाखाच्या पुढे. पण ब्रेक कमी वापरले जातात म्हणून पावसाळ्यात डिस्कला गंज चढतो आणि कॅलिपर जाम व्हायला बघतात. इगतपुरीच्या पावसात धावणाऱ्या गाडीचे ब्रेक आम्ही जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास उघडून साफ करतो. टायर मात्र लवकर झिजतात, विशेषतः पुढचे. गाडी जड आणि पिकअप तात्काळ, सिग्नलला जोरात पाय दिला की रबर जातं. आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी! एवढी मोठी बॅटरी भरलेली असून ही छोटी बसली तर गाडीचा दरवाजासुद्धा धड उघडत नाही. ती आम्ही बंद पडायची वाट न बघता ठरावीक काळाने बदलतो.

गाड्यांपेक्षा जास्त बदल माणसांनी केला. पूर्वी ड्रायव्हर रात्री गाडी घरी नेत, सकाळी तिथूनच ड्यूटीवर जात. आता गाडी यार्डातच यायला हवी. म्हणजे त्यांना रात्री आणि पहाटे येण्या-जाण्याचा त्रास. सुरुवातीला दोन चांगली माणसं याच कारणाने सोडून गेली, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. मग आम्ही ये-जा करण्याचे पैसे सुरू केले, यार्डात झोपायची खोली बांधली, आणि बाहेर चार्जिंगला थांबावं लागलं तर त्या वेळेचा वेगळा भत्ता ठेवला. चार्जरजवळ दीड तास उभं राहणं हेसुद्धा कामच आहे. जे मालक तो वेळ ड्रायव्हरच्या खिशातून कापतात, त्यांच्या गाड्यांची बॅटरी कधीच नीट राहणार नाही. घाईत असलेला माणूस सगळीकडे फास्ट चार्जिंगच करणार.

आणि फास्ट चार्जिंगवर धंदा उभा करू नये. बाहेर युनिटला अठरा-वीस रुपये, कधी त्याहून जास्त पडतात. मग किलोमीटरचा खर्च तीन रुपयांच्या आसपास जातो आणि सीएनजीची गाडी जवळजवळ बरोबरीला येते. शिवाय ऐंशी टक्क्यांनंतर वेग इतका मंदावतो की शेवटच्या वीस टक्क्यांत आधीच्या सगळ्या चार्जिंगइतकाच वेळ जातो. ॲपवर चालू दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघणं हे अजून घडतं, म्हणून मुंबईच्या प्रत्येक फेरीला पर्यायी चार्जर आधी ठरलेला असतो.

एका गोष्टीचं मात्र मनापासून वाईट वाटतं. गेल्या वर्षी जुन्या गाडीची किंमत काढून बघितली. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने ओडोमीटर पाहिलं आणि पुढे बघायलाच तयार नव्हता. मी सबमीटरची वही समोर ठेवली, प्रत्येक महिन्याच्या नोंदी दाखवल्या. त्याला त्यात रस नव्हता. एप्रिल 2025 मध्ये देशातली एक मोठी इलेक्ट्रिक टॅक्सी सेवा आर्थिक कारणांनी बंद पडली, तेव्हापासून तर "इलेक्ट्रिक टॅक्सी चालत नाही" हे वाक्य बाजारात सहज फेकलं जातं. गाड्या चालत होत्या, बुडाले ते पैशांचे व्यवहार. बॅटरीची तब्येत मोजून तिचा सर्वमान्य दाखला देण्याची सोय झाली पाहिजे. पासिंगच्या वेळी ब्रेक-दिवे तपासतात तशी तीही तपासावी. त्याशिवाय नीट सांभाळलेल्या आणि हाल केलेल्या गाडीला एकच भाव मिळत राहील.

त्यामुळे ती गाडी विकली नाही. आता तिला त्र्यंबकेश्वरची कामं दिली आहेत, जाऊन-येऊन साठ किलोमीटर, दिवसात दोन फेऱ्या आरामात. 2027 च्या सिंहस्थाआधी तीन नव्या गाड्या घ्यायच्या आहेत आणि यार्डात 30 किलोवॅटचा एक डीसी, म्हणजे जलद चार्ज करणारा चार्जर बसवायचा आहे. त्यासाठी वाढीव वीजभाराचा अर्ज दिला आहे. ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे की नाही याची पाहणी झाली की गाड्यांचं बुकिंग करू, त्याआधी नाही.