मॉसबर्ग ५०० वर स्कोप चढला, ओहायोच्या गन वीकआधीचा अपडेट

तर मंडळी, हरणासाठीच्या स्लगच्या (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) बंदुकीचं, म्हणजे माझ्या मॉसबर्ग ५०० पंप शॉटगनचं, काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय. स्कोप बसलाय, ५० यार्डांवर गोळ्या एका जागी पडतायत, १०० चं अजून बाकी आहे. गन वीक (बंदुकीने हरणाची शिकार करायचा आठवडा) थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो त्यामुळे वेळ आहे, पण नोव्हेंबरात रेंजवर काय झुंबड असते ते इकडच्यांना सांगायला नको.

आधी मुद्द्याचं. शॉटगनवर स्कोप लावायचा तर रिसीव्हरवर (घोड्यावरची धातूची पेटी) नाही, बॅरलवर (नळीवर) लावा. ५०० च्या रिसीव्हरला वरून कंपनीनेच भोकं पाडून आटे दिलेले असतात त्यामुळे मोह होतोच की स्वस्तातला बेस घेतला, चार स्क्रू मारले, झालं काम. पण ह्या बंदुकीचं बॅरल रिसीव्हरमध्ये आट्यांनी आवळलेलं नसतं, ते नुसतं आत सरकवायचं आणि पुढे मॅगझिन ट्यूबच्या (बॅरलखालची, गोळ्या भरायची नळी) टोकाला एक स्क्रू पिळायचा. धरून हलवून बघा, बारीकसा खेळ हाताला लागतो. छर्ऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही, पण स्लग म्हणजे एकच गोळी, बॅरल केसभर वेगळं बसलं की स्कोप बघतो एकीकडे आणि गोळी जाते भलतीकडे, आणि लोक शिव्या घालतात स्कोपला.

म्हणून मी कँटिलिव्हरवालं रायफल्ड (आतून पीळ पाडलेलं) बॅरल घेतलं. रेल, म्हणजे स्कोप बसवायची खाचांची पट्टी, बॅरललाच जोडलेली असते आणि मागे रिसीव्हरच्या वर बाल्कनीसारखी अधांतरी येते. बॅरल हललं तर स्कोपही त्याच्याबरोबर हलतो, विषय संपला. (सॅव्हेज २२० ह्या बोल्टवाल्या स्लगबंदुकीवाल्यांनी हे सोडून द्या, तुमचं बॅरल आट्यांनी बसलेलं असतं, तुम्ही खुशाल रिसीव्हरवर लावा.)

ह्याचा एक फायदा फार कोणी बोलत नाही. पंप शॉटगनमध्ये मागून नळीतून आरपार बघता येत नाही, पण इथे स्कोपसकट बॅरलच काढून हातात येतं! ते सँडबॅगवर ठेवलं, नळीतून बघून समोरच्या खांबावरचा दिवा बरोबर मधोमध आणला आणि बॅरल न हलवता क्रॉसहेअर त्याच दिव्यावर फिरवून आणली. लेझर बिझर काही लागलं नाही, २५ यार्डांवर पहिलीच गोळी कागदावर.

स्कोप धरणाऱ्या रिंगा घेताना रेल कुठल्या प्रकारची ते नीट बघा. माझी वीव्हर आहे, खाच ०.१८० इंचाची, पिकॅटिनीची ०.२०६, त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बसतात पण उलटं बहुतेक वेळा जमत नाही. रिंग खाचेत पुढच्या कडेला दाबून धरूनच आवळायची, कारण बंदूक मागे येते तेव्हा स्कोप जागेवर राहायला बघतो, म्हणजे पुढे सरकायला बघतो. वरचे स्क्रू ग्रीस पुसून कोरडे, आळीपाळीने, १५ ते १८ इंच-पाउंड. तिथे लॉकटाइट (स्क्रू घट्ट धरणारा गोंद) लावत नाही, ओल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला दाब जास्त येतो आणि ट्यूबला वळ उठतात. क्रॉसहेअर सरळ करायला कुंपणावर ओळंबा टांगला आणि उभी रेघ त्या दोरीला लावली, बबलवाल्या खेळण्यांपेक्षा लाखपट बरं.

स्कोप २-७x३२ (२ ते ७ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ३२ मिमी), डोळ्यापासून जवळजवळ ४ इंच मिळतात. ह्यात कंजुसी नको, १२ गेजचा दणका खाल्लेल्या लोकांच्या भुवईवरची अर्धगोल खूण बघितलीय. आणि हे अंतर शिकारीचं जाड जॅकेट घालूनच ठरवा, टीशर्टवर लावलेला स्कोप थंडीत नाकाशी येतो. कँटिलिव्हरने स्कोप उंच जातो, गालाऐवजी हनुवटी टेकायला लागते, म्हणून बटवर पट्ट्याने बांधायचा रायझर घेतला, आतल्या फोमच्या पट्ट्या कमीजास्त करून आता डोळा बरोबर येतो.

गोळ्या सॅबो (प्लॅस्टिकच्या खोळीतल्या), ३०० ग्रेन वजनाच्या. रायफल्ड बॅरलमधून फॉस्टर (बिनखोळीचे शिशाचे स्लग) मारून पैसे वाचवायचा सल्ला देणाऱ्यांनी नंतर शिसं खरवडायलाही यावं. पाचाच्या पेटीला वीस डॉलरच्या आसपास पडतात त्यामुळे क्लिकचा हिशोब आधी करून जा, पाव एमओएचा (क्लिकला १०० यार्डांवर साधारण पाव इंच) स्कोप असेल तर १०० वर इंचाला ४ क्लिक, ५० वर ८, २५ वर १६. सध्या ५० वर ग्रुप (गोळ्यांचा पसारा) दोन इंचाच्या आतबाहेर, गोळ्या मुद्दाम इंचभर वर ठेवल्यात म्हणजे १०० वर मध्यावर यायला पाहिजेत. दोन गोळ्यांमध्ये बॅरल गार होऊ देतो, खांद्यालाही तेवढीच उसंत.

मित्र म्हणतो .३५० लेजंडची रायफल घे, २०१४ पासून ओहायोत हरणाला स्ट्रेट-वॉल (सरळ भिंतीच्या काडतुसाची) रायफल चालते, हा खटाटोप कशाला. त्याचं चूक नाही, दणका कमी आणि गोळ्याही स्वस्त. पण मक्याच्या शेताच्या कडेला ज्या झाडावर मी बसतो तिथून १०० यार्डांपलीकडे दिसतच नाही, आणि वसंतात हेच बॅरल काढून साधं लावलं की टर्कीला तीच बंदूक. गावी काकांना हे सांगितलं तर त्यांना वेगळाच प्रश्न, हरीण मारायला सरकार देतंच कसं, कारण तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर विषयच बंद. इथे लायसन्स, वर हरणाचं परमिट, वर केशरी जॅकेट.

आता पुढे १०० यार्ड, पण थंड बॅरलमधून, कारण शिकारीत पहिली गोळी थंडच असते. मग बॅरल काढून परत लावणार आणि झिरो (जुळवलेला नेम) किती टिकतो ते बघणार, आकडे टाकतो. आणि मॅगझिनमध्ये लाकडी प्लग (जास्त गोळ्या मावू न देणारी काठी) परत घालायचाय, तीनच गोळ्यांची परवानगी आहे, वॉर्डनशी (शिकारीचे नियम बघणारा अधिकारी) हुज्जत कोण घालणार.