सिंकच्या भोकातून पाइपच्या स्टेमपर्यंत : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा किचन ओट्याचा, आता त्यातल्या उरलेल्या तुकड्यांतून तंबाखू ओढायच्या पाइपच्या नळ्यापण करतो, ते कसं झालं ते सांगतो. आप्पा कडप्पा बसवायचे, पुढं ग्रॅनाइट आलं आणि मी धंद्यात उतरलो तोवर लोक 'कोरियन पाहिजे' म्हणायला लागले होते. आता हे कोरियन म्हणजे कोरिया देशाचं नव्हे, पण हे समजावण्यातच माझी दोन वर्षं गेली. तासगावकडचं एक गिऱ्हाईक तर सरळ म्हणालं, चायनाचं नको तसं कोरियाचंबी नको, आपलं राजस्थानचं ग्रॅनाइट दे. खरं तर कोरियन (Corian) हे ड्युपॉन्ट कंपनीचं ब्रँडचं नाव आहे, 1967 साली त्यांच्याकडं हे मटेरियल तयार झालं, साधारण एक तृतीयांश अॅक्रिलिक आणि दोन तृतीयांश अॅल्युमिनियमची एक पांढरी खनिज पावडर, म्हणजे ना धड दगड ना धड प्लास्टिक. आपल्याकडं कुठल्याही कंपनीचं असलं मटेरियल (सॉलिड सरफेस म्हणतात त्याला) असलं तरी सगळे त्याला कोरियनच म्हणतात, मीपण इथं तसंच म्हणणार आहे.

तर ओट्यात सिंक बसवायचं म्हणजे शीटला भोक पाडावं लागतं आणि भोकातून निघालेला तुकडा गिऱ्हाइकाला नको असतो. पैसे त्याने पूर्ण शीटचे दिलेले असतात, पण तुकडा आमच्या गळ्यात. दीड-दोन फुटाचा चांगला तुकडा टाकवत नाही आणि विकवत पण नाही. आप्पांनी त्याच्या पोळपाटासारख्या चकत्या करून बघितल्या, आईने त्यावर लाटल्या आणि म्हणाली जड आहे, झालं.

मग 2019 चा महापूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 ची. कारखाना कुपवाड एमआयडीसीत असल्यामुळे वाचला पण सांगलीतलं शोरूम आठवडाभर पाण्यात. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर प्लायचे सगळे कपाट फुगून पावासारखे झालेले, लॅमिनेट सुटलेलं, चिखलाचा वास अजून नाकात आहे. आणि त्या चिखलात कोरियनच्या शीट आणि तुकडे जसेच्या तसे. पाइप लावून धुतले, एमरी मारली, नवे. पाणी पीतच नाही ते. पण शोरूममध्ये डिस्प्लेला लावलेले ते पीस नवे म्हणून विकायला मन होईना, म्हणून सगळा ढीग कारखान्यात आणून टाकला आणि सहा महिने त्याला अडखळत फिरलो.

पाइपचा विषय कसा आला ते सांगतो. पुण्याचे एक रिटायर्ड साहेब, त्यांच्या सांगलीतल्या बहिणीचा ओटा आम्ही केलेला. ते ब्रायरच्या लाकडाचा तंबाखूचा पाइप ओढायचे (ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ, उष्णता सोसते म्हणून वापरतात). त्यांच्या पाइपचा तोंडात धरायचा भाग, म्हणजे स्टेम, तुटलेला. ते आले, ढिगातला काळ्यावर पांढरे ठिपके असलेला तुकडा उचलला आणि म्हणाले याचं करून द्याल का? आमचे टर्नर तात्या लेथवर काहीही करतात असं बहिणीने त्यांना सांगितलेलं. तात्यांनी आयुष्यभर चिलीम बघितलेली, पाइप फक्त पिक्चरमध्ये. पण हो म्हणाले.

घरी कळल्यावर आईचा पहिला प्रश्न, आपल्यात कुणी विडीला हात लावला नाही आणि तू तंबाखूची नळी करणार? आप्पा माळकरी, ते काहीच बोलले नाहीत, जे जास्त वाईट. हे काम त्यांना मला आजही पूर्ण पटवून देता येत नाही. आम्ही तंबाखू विकत नाही, तंबाखू वाईटच आहे आणि हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. काम बहुतेक जुन्या पाइपच्या रिपेरचं येतं, कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या सासऱ्यांचा, निम्मे तर नुसते शोकेसमध्ये ठेवायचे.

आता कामाची गोष्ट. जुने स्टेम बहुतेक एबोनाइटचे असतात, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. आप्पांचा जुना शाईचा पेन पण एबोनाइटचाच. उन्हात राहिलं की गंधकामुळं ते हिरवट-तपकिरी होतं आणि स्टेमला तसं झालं की तोंडात घाण चव येते. कोरियनला यातलं काही होत नाही, ओट्यावर हळद सांडली तरी घासून जाते, आणि सांगलीत हळदीची परीक्षा पास झालं म्हणजे अजून काय पाहिजे. त्यामुळे आम्हाला वाटलं लॉटरी लागली.

पहिल्या वीस-बावीस पिसातले चार टिकले. चूक आमची, आम्ही त्याला अॅक्रिलिक समजून वागवलं. अॅक्रिलिक लेथवर लावलं की लांब रिबन सुटते, हे लावलं की रांगोळीसारखा पांढरा भुगा. आतल्या पावडरीमुळं एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल बघता बघता बोथट होतं आणि बोथट टूलने दाबलं की कड तुकड्याने उडते. तात्या कार्बाइडच्या, म्हणजे त्याहून कडक टूलवर गेले, कट बारीक घेतला, मग जरा जमलं.

दुसरा घोळ जाडीचा. शीट 12 एमएमची आणि स्टेमचं लाकडाकडचं तोंड 15-16 एमएम लागतं, म्हणून दोन शीट चिकटवल्या. ओट्याच्या जॉइंटचं जे रंगाला रंग मिळणारं अॅडेसिव्ह असतं तेच वापरलं, जॉइंट डोळ्याला दिसत नाही, आम्ही खूश. पण दोन सारख्या शीट चिकटवल्या की जॉइंट बरोबर मध्ये येतो, आणि धुराचं भोकपण मध्येच! साडेतीन-चार एमएमचं ड्रिल त्या रेषेतून गेलं की एकतर भरकटतं नाहीतर पीस उभा चिरतो. हे कळायला तीन आठवडे आणि तात्यांच्या बऱ्याच शिव्या लागल्या. मग 12 ला 6 ची शीट जोडली, एकूण 18, आता सेंटर 9 वर येतो म्हणजे 12 च्या पोटात, जॉइंट 3 एमएम बाजूला राहतो. एवढी साधी गोष्ट, पण ओट्याच्या धंद्यात जॉइंटमधून कधी आरपार ड्रिल मारलेलंच नव्हतं ना.

तिसरं म्हणजे दात. चांगल्या स्टेमचं टोक दातात धरायला चार एमएमच्या आसपास पातळ असतं. एवढं पातळ कोरियन चावलं की टचकन जातं. जाड ठेवलं तर पुण्याचे साहेब म्हणाले, अहो हे चमच्याचं मूठ तोंडात धरल्यासारखं वाटतंय. लाकडात घुसणारी पुढची खुंटी, टेनन म्हणतात तिला, तीपण मोडायची, कारण लोक पाइप गरम असतानाच स्टेम पिरगाळून काढतात. कृपा करून गार झाल्यावर काढा, कुठल्याही मटेरियलचा असू दे.

शेवटी आम्ही मान्य केलं की अख्खा स्टेम कोरियनचा होत नाही, निदान आम्हाला तरी नाही जमला. आता लाकडाजवळचा दिसणारा भाग कोरियनचा, दातात धरायचा भाग एबोनाइट नाहीतर साध्या अॅक्रिलिकचा आणि दोन्हीच्या आतून डेल्रिनची (एक चिवट प्लास्टिक) नळी, तीच पुढं टेनन होते. डेल्रिनला कुठलाच गम धड धरत नाही म्हणून तिला आधी बारीक आटे पाडायचे, खरखरीत करायची, मग इपॉक्सी. इपॉक्सी सुकल्यावर पाइप क्लीनर, म्हणजे पाइप साफ करायची केसाळ तार, एका टोकातून घालून दुसऱ्या टोकाला सरळ निघाला पाहिजे, मध्ये अडकला तर तिथं पाणी साठून पाइप गुरगुरतो, तो पीस आम्ही पाठवत नाही.

पॉलिशमध्ये मिरजेच्या एका चाचांनी मदत केली. ते सतारीचं काम करणाऱ्या घरातले, मिरजेची सतार म्हणजे शिकलगारांची कला, तलवारींना धार लावणारे हात वाद्यांकडं वळले तेव्हापासूनची. चाचांनी आमचा पीस नखाने वाजवून बघितला आणि म्हणाले, बेटा, तू मशीनने घासतोस, कानाने घासत नाहीस. मला तेव्हा डोंबल कळलं नाही. नंतर तात्यांनी शेवटची कानस आणि पाण्यातला पॉलिश पेपर हाताने मारायला सुरुवात केली, खरखर आवाज बारीक होत जातो ते ऐकत, आणि बफवर जी कड गरम होऊन गोल व्हायची ती थांबली. काचेसारखी चमक मात्र कोरियनला येत नाही, साटनसारखी येते, आणि गडद रंगावर चरा लगेच दिसतो. हे आधीच सांगून ठेवतो.

क्वार्ट्झचा स्टेम करा म्हणून दर महिन्याला एखादा फोन येतोच, ओट्याला क्वार्ट्झची फॅशन आहे म्हणून. करणार नाही. ओट्याचं क्वार्ट्झ म्हणजे कृत्रिम दगड, त्यात 90 टक्क्यांच्या आसपास स्फटिकी सिलिका असते, त्याची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. ओट्याचं क्वार्ट्झ आम्ही पाणी सोडून कापतो, मास्क घालून. दोन इंचाच्या नळीसाठी तात्यांची छाती पणाला लावायला मी मोकळा नाही. कोरियनची धूळ तेवढी भयंकर नाही तरी मास्क आणि सक्शन तिथंपण चालूच असतं.

सध्या डोकं खातंय ते वाकडं स्टेम. कोरियन 150-160 डिग्रीला तापवलं की वाकतं, भोक चपटू नये म्हणून आत तार ठेवायची. पण वाकवलेल्या जागी पांढरट रेघा उठतात, काळ्या रंगात तर फारच, आणि जास्त तापवलं तर फोड येतात. मागच्या बॅचला क्रीम आणि राखाडी रंगात सहा केले, चार बरे निघाले, दोनात डाग. आमच्या मंडळींनी त्या दोनाचे पडद्याच्या दोरीला गोंडे करून टाकले. वाकडं नीट जमेपर्यंत ऑर्डर फक्त सरळ स्टेमची घेतोय.

आणि एक विनंती, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून 'भाऊ रेट सांगा' म्हणू नका. लाकडातल्या भोकाचं माप फोटोवरून निघत नाही, अर्धा एमएम इकडंतिकडं झालं की स्टेम एकतर गळून पडतो नाहीतर लाकूड चिरतं. पाइप कुरिअर करा, स्वच्छ करून, तंबाखू काढून. आईच पार्सल उघडते.