तुम्ही विचारलंत म्हणून: तोंडी परीक्षा हवीच कशाला?

नागपुरात दहावीला शिकवते म्हटलं की पालक हमखास विचारतात, "मॅडम, तोंडीचे वीस मार्क तर सगळ्यांनाच मिळतात. मग शंभरचीही लेखीच का घेत नाही?"

तसं एकदा झालंय. 2019च्या दहावीत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत गुण बंद होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10वर आला आणि सगळ्यात खाली आपला नागपूर विभाग होता. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवाच होता, त्यामुळे सगळं खापर लेखीवर फोडता येत नाही. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. काही शाळांत ते खिरापतीसारखे वाटले जातात, ही तुमची तक्रार मला मान्य आहे.

तरीही मी तोंडी आणि प्रात्यक्षिक सोडायला तयार नाही. गणिताचं लेखीत भागतं. पायरीला गुण असतात, उत्तर चुकलं तरी रीत कळली होती का ते दिसतं. भूगोलातही कोरा नकाशा बरंच काही सांगून जातो. विज्ञानाचं तसं नाही. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायला दिलं की व्याख्या अर्धवट लिहिणारा मुलगा खिडकीशी जातो, बाहेरच्या कडुलिंबाची उलटी प्रतिमा कागदावर रेखीव उमटेपर्यंत भिंग मागेपुढे सरकवतो आणि मग पट्टी लावतो. त्याला नाभीय अंतर कळलंय. हे उत्तरपत्रिकेत मला कधीच दिसलं नसतं.

मराठीच्या तोंडीला मी न शिकवलेली एखादी कविता वाचायला देते. कुठे थांबला, कोणत्या शब्दावर जोर दिला, यावरून अर्थ लागला की नाही ते लगेच कळतं. मग विचारते, कवीला असं का वाटलं असेल? "मॅडम, तो एकटा पडून राहिला ना, म्हून," असं उत्तर आलं तर मी पूर्ण गुण देते. वऱ्हाडी बोलला म्हणून गुण कापणं मला पटत नाही. प्रमाणभाषा तपासायला निबंध आहे.

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला दोन मिनिटं द्यायची तर दोन तास लागतात, म्हणजे साधारण चार तासिका. त्या वेळापत्रकात कुठे आहेत, हे येत्या पालकसभेत विचारा. मी तुमच्या बाजूने बोलेन.