बिलाच्या रकान्यात 'गाडीत घालतो'

हापूसचा सीझन म्हणजे आमच्या देवगडात दिवसभर धावपळ, मी आपला पडवीत लॅपटॉप घेऊन बिलं करत होतो. बिलाचं जुनं सॉफ्टवेअर उघडायला जाम वेळ घेतं, म्हणून तेवढ्यात मुंबईच्या काकांना चॅटवर 'उद्या ४० पेट्या गाडीत घालतो' लिहायला घेतलं, आणि 'पेट्या'पाशी असताना ती बिलाची विंडो टपकन पुढ्यात, उरलेलं वाक्य गिऱ्हाईकाच्या नावात, वर एंटर मारला तर बिल सेव्ह पण झालं! 'गाडीत घालतो' नावाचं गिऱ्हाईक आहे आता आमचं.

डोकं फिरलं, शोधत बसलो. विंडो वर दिसणं वेगळं आणि कीबोर्ड तिच्याकडे जाणं वेगळं, हे मला खरंच माहीत नव्हतं. एक्स११ मध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवायच्या जुन्या पद्धतीत, प्रोग्रॅमने स्वतःच्या विंडोवर लिहायचं असतं की माणसाने मला शेवटचा हात कधी लावला. नवीन विंडो आली की विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोंची मांडणी सांभाळणारा प्रोग्रॅम, दोन वेळा एकमेकींशी ताडून बघतो: ती उघडायला क्लिक केलं ती वेळ आणि आत्ता चालू असलेल्या विंडोत शेवटचं टायपिंग झालं ती वेळ. टायपिंग नंतरचं असेल तर नवीन बाईंनी मागे थांबायचं, टास्कबारवर खुणावत. पण जुने प्रोग्रॅम ही वेळ लिहीतच नाहीत, आणि केडीईमध्ये, म्हणजे माझ्या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये, हे अडवण्याची सेटिंग मुळात 'लो' असते, म्हणजे नक्की कळत नसेल तर येऊ द्या आत. माझं असंच झालं असावं.

एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँडवाल्यांनी ही भानगडच ठेवली नाही, तिथे प्रोग्रॅमला स्वतःहून फोकस, म्हणजे कीबोर्ड, आपल्याकडे ओढता येत नाही. चॅटमधल्या लिंकवर क्लिक केलं की चॅट कंपोझिटरकडून (वेलँडमधला विंडो सांभाळणारा प्रोग्रॅम) टोकन घेतं, ब्राउझरला देतं आणि ब्राउझर ते दाखवून पुढे येतो. हे मला पटलं, रेशनच्या रांगेसारखं, टोकन आहे तर या.

पण माझा लॅपटॉप म्हातारा, एक्स११ वरच आहे. मग रागारागात सेटिंग थेट 'हाय' केली, म्हणजे एखादी विंडो चालू असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅमची नवीन विंडो पुढे येतच नाही. मी खूष. बाबांचं मात्र "अरे, ह्या उघडत कित्याक नाय?" चालू, चॅट समोर ठेवून मेनूतून बिल उघडायचे, काही दिसलं नाही की परत मेनू. काल संध्याकाळी बघतो तर चॅटच्या मागे बिलाच्या ५ विंडो.


'मीडियम' करून बघतो आता.